मुठेल आणि फूटपट्टी

शिस्त हा राष्ट्राचा कणा आहे.

हे वाक्य आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं. समुद्राचा वारा खारा. त्यामुळे दर पावसाळ्यानंतर शिपाई ते पुन्हा रंगवायचा. राष्ट्राचा कणा दरवर्षी रंगवावा लागतो हे मला लहानपणीही जरा विचित्र वाटायचं. पण दर सोमवारी त्या भिंतीखाली आम्ही मुली रांगेत उभ्या राहायचो, तेव्हा विचित्रबिचित्र काही वाटत नसे. फक्त भीती. 

सोमवारी तपासणी. नखं, रुमाल, गणवेश, केस.

मी पाचवीत. रांगेत चौथी. बाई एकेकीसमोर थांबत येत होत्या. हातात लाकडी फूटपट्टी. बाकीच्या मुलींच्या वेण्या त्या हातानं धरून बघत, रिबीन ओढून बघत, एखादीच्या गालावर टिचकीही मारत. माझ्यासमोर आल्या आणि त्यांनी हात मागे घेतला. फूटपट्टीचं टोक माझ्या कानामागे घातलं आणि वेणीतून सुटलेले केस उचलले. गटारात पडलेलं काहीतरी काठीनं उचलून बघावं तसे.

"हे केस आहेत की काथ्या?"

रांग हसली. रांगेला तेवढंच काम असतं.

काथ्या म्हणजे नारळाच्या सोडणातले राठ तंतू. आमच्या घरामागे खाडीच्या चिखलात सोडणं कुजत घातलेली असायची. त्यांचा वास आमच्या कपड्यांना होता, हे मला शाळेत आल्यावर कळलं. तोवर मला वाटायचं, हवेला तसाच वास असतो.

"बाई, सकाळी तेल लावलंय," मी म्हटलं. शुद्ध बोलले. घोकून ठेवलेलं वाक्य होतं.

"तुमच्या लोकांचं तेल जातं कुठे कुणास ठाऊक," बाई म्हणाल्या, आणि शिपायाला हाक मारली. "कात्री आणा."

कात्री ऑफिसातली होती. कागद कापायची. बाईंनी माझी डावी वेणी रिबिनीला धरली. केसांना नाही, रिबिनीला. कच्. तुटली नाही. कच्. केस दाट, कात्री बोथट. तिसऱ्या खेपेला तुटली. मग उजवी.

मी रडले नाही असं लिहायला मला आवडलं असतं. मी उभ्या उभ्या मुतले. मोजे ओले झाले. रांगेनं ते पाहिलं आणि तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. बाईंनी खाली पाहिलं.

"शी," त्या म्हणाल्या. आणि पाचव्या मुलीकडे गेल्या.

माझ्या दोन्ही वेण्या रिबिनींसकट भिंतीखाली पडल्या होत्या. राष्ट्राच्या कण्याखाली. शाळा सुटल्यावर मी त्या उचलून दप्तरात घातल्या. का, ते मला सांगता येणार नाही. टाकून देण्याइतकं धैर्य नव्हतं, एवढंच.

माझी आई मासे विकायची. टोपली डोक्यावर घेऊन खालच्या वाडीतून, म्हणजे आमच्या समुद्राकडच्या वाडीतून, वरच्या वाडीत जायची. तिनं माझं डोकं पाहिलं. टोपली उतरवली.  मग म्हणाली, "वाढतले गो. केस आसत, हातपाय न्हंय."

दोन दिवसांनी बुधवार होता. बुधवारी वरच्या वाडीत मासे घेतात. आई नेहमीप्रमाणे बाईंच्या दारात गेली. मी तिच्यामागे होते, फाटकाच्या बाहेर, दगडी गडग्याच्या आड उभी. बाईंनी बांगडे घेतले. एकेक बांगडा हातात घेऊन, बोटांनी कल्ले उघडून, डोळ्यांजवळ नेऊन.

माशाला त्या हात लावत.

त्यानंतर चार वर्षं मी घाबरत काढली. हे अतिशयोक्तीनं म्हणत नाही. रविवारी दुपारपासून माझे हात गार पडायचे. सोमवारी पहाटे आई माझ्या डोक्यावर वाटीभर खोबरेल ओतायची, वेणी इतकी घट्ट घालायची की डोळे ताणले जायचे. प्रार्थनेला उभी राहीपर्यंत सगळं चापूनचोपून. तिसऱ्या तासाला तेल मुरायचं, खाडीवरचा वारा खिडकीतून यायचा आणि कानामागून एक केस सुटायचा. मग दुसरा. मला ते जाणवायचं. पाठीवरून विंचू चालावा तसं जाणवायचं. मी हात वर करून ते दाबायची. बाई फळ्याकडे वळल्या की दाबायची. आजही कुणी वर्गात हात वर केला की मला आधी वाटतं, हिचा केस सुटला.

वर्गात माझं नाव काथ्या पडलं. हजेरीत दुसरं होतं. हाकेला काथ्याच.

भीती कधी एकटी येत नाही, सोबत लाज घेऊन येते. मी केस वाढवत होते ते हौसेनं नाही. आखूड केस तर आणखी उभे राहायचे. लांब केसांना निदान वजन होतं.

आठवीच्या मे महिन्यात शिरोड्याची मावशी आली. आईची धाकटी बहीण. तिचे केस माझ्यासारखे. म्हणजे माझे तिच्यासारखे. हे मी तोवर पाहिलं नव्हतं, कारण ती नेहमी डोक्यावरून पदर घ्यायची. त्या दिवशी न्हाऊन ओट्यावर बसली होती आणि केस पाठीवर सोडले होते. वेटोळी. एकेक बट वेगळी, बोटाला गुंडाळून सोडल्यासारखी. काथ्या नव्हता तो. मी बघत राहिले.

"काय बघतस?"

"तुझे असे कशे रवतत?"

मावशीनं माझी वेणी सोडली. बोटांनी. मला हात लावला की मी अंग चोरायची. तिला ते कळलं असावं, कारण तिनं हात थांबवला आणि मग हळूहळू पुन्हा घातला.

"अगो, ह्या केसांका तेल पुराचा नाय. ह्येंका पाणी होया. आदी पाणी पाज, मगे वरसून झाकण घाल."

"कसला झाकण?"

"मुठेल."

"मुठेल टाचांक लावतत."

"टाच तुझीच, डोक्या पण तुझाच."

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तूप. बिया सुकवायच्या, फोडायच्या, कुटायच्या, पाण्यात शिजवायच्या. वर तवंग येतो तो काढायचा, निवला की मुठीत दाबून गोळे करायचे. गोळ्यावर बोटांचे ठसे तसेच राहतात. आमच्याकडे ते थंडीत टाचांच्या भेगांना लावतात. घराघरात असतं. पायाची वस्तू म्हणून एखाद्या कोपऱ्यात, घासलेटच्या बाटलीशेजारी.

मावशी चार दिवसांनी गेली. नेमकं किती घ्यायचं ते सांगून गेली नाही. "हाताक कळता," म्हणाली. माझ्या हाताला काहीच कळत नव्हतं. पण मला वाचायची आणि वहीत लिहायची सवय होती. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर मी लिहायला लागले.

आधी नारळाचा दाट रस काढून लावला. केस मऊ झाले. दुपारपर्यंत रस आंबला. मावशीच्या झाकणासाठी वर थोडं मुठेल चोळलं होतं. नारळाचा रस आणि कोकम, म्हणजे सोलकढीच ती, फक्त डोक्यावर ओतलेली. मुंग्यांनाही तसंच वाटलं. कोरफड लावली, तर मान खाजून लाल. मग परसातल्या जास्वंदीची पानं पाण्यात चुरली. पाणी बुळबुळीत झालं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं. ते पंच्यातून गाळलं. ते पाणी केसांत जायचं आणि राहायचं. पण तासाभरानं वाळून केस कडक व्हायचे. पाणी मिळालं, झाकण नव्हतं.

शेवटी जमलं ते असं. जास्वंदीचा रस एक वाटी, किंचित कोमट. गरम पाण्यात वाटी ठेवून त्यात अर्धा गोळा मुठेल वितळवायचं, दोन चमचे खोबरेल घालायचं, आणि ते रसात ओतत रवीनं घुसळायचं. ताक घुसळतात तसं. आधी फुटल्यासारखं दिसतं. घाबरायचं नाही. घुसळत राहायचं. मग एकदम पांढरं होतं. लोण्याइतकं घट्ट नाही, दह्यापेक्षा दाट. ओल्या केसांत खालून वर लावायचं. तीन दिवस टिकतं, माठाशेजारी ठेवलं तर चार.

पहिल्यांदा जमलं तो रविवार होता. आरशात मी होते, आणि माझ्या डोक्यावर मावशीचे केस होते. मी खूश झाले का? नाही. मी दार लावून घेतलं. कुणी बघेल म्हणून.

नववीत सोमवार सोपे गेले. ते पांढरं लावून वेणी घातली की संध्याकाळपर्यंत केस सुटत नसे. बाई माझ्यासमोरून फूटपट्टी न उचलता पुढे जायला लागल्या. मला वाटलं, संपलं.

त्या डिसेंबरात सगळं जग नव्या सहस्रकाची वाट बघत होतं आणि आमची शाळाही मागे नव्हती. 'नव्या सहस्रकाचं स्वागत' असा कार्यक्रम ठरला. तालुक्याहून कुणी साहेब येणार होते. मंडप, सनई, झेंडूच्या माळा. सहस्रक बदलण्यात आमच्या शाळेचा नेमका वाटा काय, हे कुणी विचारलं नाही. आणि भाषण: 'एकविसाव्या शतकातील स्त्री'. लिहिलं बाईंनी. म्हणायला माझी निवड झाली, कारण माझं पाठांतर चांगलं होतं आणि माझ्या बोलण्यात मालवणी डोकावत नसे. तिला मी दारातच बांधून यायची.

भाषणाचं पहिलं वाक्य होतं, 'आजची स्त्री मान ताठ ठेवून उभी आहे.'

आदल्या दिवशी बाईंनी मला थांबवलं. "साहेब समोर बसणार आहेत. केस नीट दिसले पाहिजेत. नाहीतर मला काय करायचं ते माहीत आहे."

त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि बंद केला. खणात कात्री होती. तीच. मी ती ओळखली. मुठीवर लाल दोरा गुंडाळलेला होता.

त्या संध्याकाळी मी रस काढला आणि मुठेलाचा गोळा हातात घेतला. वहीत लिहिलं होतं, अर्धा.  मी पूर्ण गोळा घातला. मग वाटीच्या तळाशी बघितलं आणि दुसराही थोडा खरवडून घातला. घाबरलेला माणूस मीठ आणि झाकण दोन्ही जास्त घालतो.

आणि एक गोष्ट वहीत लिहिलीच नव्हती. माझं सगळं माप मे महिन्यातलं होतं.

सकाळी लावलं, आईनं वेण्या घातल्या. चुलीजवळ बसून, त्यामुळे तेव्हा सगळं कसं चकचकीत. मी निघाले. खाडीच्या बांधावरून शाळा अर्धा तास. थंडी होती, आणि पाण्यावरून येणारा वारा कानाला झोंबत होता. मी भाषण म्हणत चालले होते. मान ताठ ठेवून. डोक्यावर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं.

शाळेच्या फाटकात माझ्या वर्गातली एक मुलगी भेटली. वरच्या वाडीतली. मला काथ्या म्हणणाऱ्यांत पहिली. तिनं माझ्या भांगाकडे पाहिलं आणि किंचाळली.

"लिखो! हिच्या डोक्यात लिखो!"

मी हात लावला. बोटांना कणी लागली. भांगभर, वेणीभर, प्रत्येक केसाला चिकटलेले पांढरे कण. मुठेल गोठलं होतं. मला लगेच कळलं. पण लिखा अगदी तशाच दिसतात, हेही लगेच कळलं.

रांग मोडली. माझ्याभोवती रिकामी जागा झाली. मंडपात पालक जमत होते, ते वळून बघायला लागले. माझी आई मागे फाटकाशी उभी होती, टोपली पायाशी. सकाळचा फेरा अर्ध्यावर सोडून ती माझं भाषण ऐकायला आली होती. धुतलेलं लुगडं नेसून.

बाई आल्या. त्यांनी नाकाला पदर लावला.

"म्हटलं होतं ना मी? हे लोक कितीही वर आणा." मग शिपायाकडे न बघता, "कात्री."

 पुन्हा तेच होणार. मी मांड्या आवळून धरल्या. चौदा वर्षांची होते मी, आणि माझं सगळं लक्ष मोज्यांकडे होतं.

शिपाई कात्री घेऊन आला. लाल दोरा.

आई पुढे आली. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. ती बोलली.

"कापा बाईनू. केस मगे येतत."

आई हात जोडून उभी होती. तिच्या बोटांना खवले चिकटलेले होते. तिनं जिच्यापुढे हात जोडले होते तिच्या दारात तिला बुधवारी जायचं होतं. मला ते कळत होतं. म्हणून तर सगळ्यात जास्त भीती मला तेव्हा वाटली. कात्रीपेक्षा जास्त. जगात आता माझ्या बाजूनं कुणीही नव्हतं. मी सोडून.

बाईंनी रिबीन धरली.

मी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. बोटं केसांत रुतवली.

"कापूक देवचंय नाय."

माझाच आवाज होता. दारात बांधून ठेवलेली भाषा दावं तोडून आत आली होती.

"काय?" बाई म्हणाल्या.

"ह्यो लिखो न्हंय. मुठेल आसा ता. हात लावन बघा."

"शाळेत मालवणी बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. एवढ्या गडबडीतही त्यांचं भान सुटलं नव्हतं.

मी ते प्रमाण भाषेत पुन्हा म्हटलं. कारण त्यांना ते ऐकू गेलंच पाहिजे होतं. "बाई, या लिखा नाहीत. कोकमाचं तूप आहे. थंडीनं गोठलंय. हात लावून बघा."

बाईंनी हात लावला नाही. फूटपट्टी पुढे केली. सवयीनं.

"फूटपट्टीक कळाचा नाय," मी म्हटलं.

कुणीतरी हसलं. पालकांतलं. बाईंचा चेहरा लाल झाला आणि कात्री उघडली गेली. ती उघडण्याचा आवाज मी अजूनही ऐकते. शिंप्याच्या दुकानावरून जाताना मी रस्ता ओलांडते.

मी एक हात न काढता, दुसऱ्या हाताच्या नखानं भांगातला एक कण काढला. तळहातावर ठेवला. हात पुढे केला.  कुणी पुढे येईना. भीतीनं माझा तळवा गार पडला होता, त्यामुळे कणही वितळेना. एवढा वेळ मी आयुष्यात कशाचीही वाट पाहिलेली नाही.

मग ती किंचाळलेली मुलगी पुढे आली. धीट म्हणून नाही, चौकस म्हणून. तिनं माझ्या हातावरचा कण उचलला आणि आपल्या दोन बोटांत चोळला. तिची बोटं गरम होती. ती सकाळपासून फाटकाजवळच्या शेकोटीशी बसली होती.

"वितळला गो ह्या!" ती ओरडली. "लिख खंय वितळता?"

तिनं बोटं हुंगली. "टाचेचा मुठेल!"

मग आणखी दोघींनी हात लावला. माझ्या केसांना. पहिल्यांदाच. मी डोक्यावरचा हात काढला नाही. त्यांनी माझ्या बोटांमधून केस चोळून बघितले.

बाईंनी कात्री मिटली. शिपायाला दिली. मग घड्याळ बघितलं.

"ठीक आहे. पण या अवतारात व्यासपीठावर जायचं नाही. डोक्याला पायाचं मलम लावून एकविसाव्या शतकावर बोलणार का?"

भाषण दुसऱ्या मुलीला दिलं. कागदावरून वाचून दाखवायला. सरळ केसांची, शांत मुलगी. तिचा काही दोष नव्हता. तिनं 'मान ताठ ठेवून' हे शब्द खाली मान घालून वाचले, कारण कागद खाली होता. टाळ्या झाल्या. साहेबांनी स्त्रीशक्तीवर दोन शब्द सांगितले. दोन म्हणजे पाऊण तास.

मला मंडपाबाहेर, भिंतीशी उभं केलं होतं. निळ्या अक्षरांखाली. ऊन वर आलं. अकराच्या सुमाराला डोक्यावरचं मुठेल वितळायला लागलं. मला जाणवत होतं, एकेक कण पातळ होत केसात शिरत होता. मी वेण्या सोडल्या. केस खांद्यावर आले, वेटोळी होऊन, एकेक बट वेगळी. इतके चांगले ते कधीच बसले नव्हते. पाहायला कुणी नव्हतं. सगळे एकविसाव्या शतकातील स्त्री ऐकत होते.

घरी जाताना आई बांधावर पुढे, मी मागे. ती वळली नाही, पण बोलली.

"तुका भय वाटूक नाय?"

"वाटला."

"माका पण वाटला. म्हणान मी 'कापा' म्हटलंय."

मी तिला माफ केलं असं म्हणत नाही. माफ करण्यासारखं ते नव्हतंच. तिला घाबरायला चाळीस वर्षं शिकवलं होतं. मला फक्त चौदा.

बुधवारी ती पुन्हा बाईंच्या दारात गेली. जानेवारीत एकदा तिथून येऊन म्हणाली, "बाईंका मुठेल होया. टाचो फुटल्यात. तुझ्याकडे आसा म्हणान सांगल्यानी."

आईनं कोपऱ्यातला गोळा उचललाही होता. मी तो तिच्या हातातून काढून घेतला. माझे हात गार पडले होते, तेही सांगते.

"हय येवक सांग," मी म्हटलं. "माझ्या हातातसून घेवक सांग."

आईनं तो निरोप कोणत्या शब्दांत दिला, मला माहीत नाही. बाई आल्या नाहीत.

पुढे मी शिकले आणि शिक्षणसेवक झाले, देवगड तालुक्यातल्या एका शाळेत. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं मान खाली घालून शिकवायचं, मग कायम. माझ्या पहिल्या सोमवारी मुख्याध्यापकांनी माझ्या हातात फूटपट्टी दिली. प्लॅस्टिकची होती, पारदर्शक. काळ बदलला होता.

"मुलींची रांग तुमची. नखं, रुमाल, केस."

मी ती घेतली. हे लिहिताना लाज वाटते, पण घेतली. नोकरी नवीन होती. पहिली मुलगी, दुसरी, तिसरी. चौथ्या मुलीचे केस कुरळे होते, कानामागून सुटलेले. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं. आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

मला घाबरून.

आयुष्यात मी बऱ्याच जणांना घाबरले आहे. माझ्यामुळे कुणी घाबरावं, हे पहिल्यांदाच. ती भीती माझ्या सगळ्या भीतींपेक्षा मोठी निघाली.

मी रांग सोडली. सर ओट्यावर उभे होते. त्यांच्या हातात पट्टी दिली.

"मी केस तपासणार नाही."

"नियम आहे, मॅडम."

"नियम वाचलाय मी, सर. त्यात स्वच्छतेबद्दल आहे. कुरळेपणाबद्दल काही नाही."

"शिक्षणसेवक आहात तुम्ही. तीन वर्षांनी माझ्याच शेऱ्यावर कायम व्हायचंय. विचार करा."

"केला."

 

भीती गेली, असं मी सांगणार नाही. सोमवार आला की अजून हात गार पडतात. भीती जायची वाट बघितली असती तर मी अजून त्या भिंतीखाली उभी असते. म्हणून आता ठरलेलं आहे. घाबरत घाबरत, मोजे ओले झाले तरी, नाही म्हणायचं. माझ्या किंवा माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलीच्या डोक्याबद्दल ज्याला काही म्हणायचं असेल, त्यानं आधी विचारावं, मग हात लावावा. हातच लावावा लागेल. पट्टी चालणार नाही. कात्री तर नाहीच. आमच्या आयांनी 'कापा' म्हटलं तरी नाही. नोकरी गेली तरी नाही.

गणिताची ती वही माझ्याजवळ अजून आहे. मागच्या पानावर 'अर्धा गोळा' लिहिलंय, त्यासमोर मी नंतर एक ओळ घातली.

थंडीत पाव गोळा पुरतो.